प्रागला निघण्याआधी

प्रागला आम्ही चार दिवस राहिलो, आणि तिथे जायची तयारी चार महिने केली. त्या चार दिवसांतलं सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही. पूल पाहिला, मोठं घड्याळ पाहिलं, आईंना थंडी वाजली, परत आलो. किस्से सगळे निघण्याआधीचे!

रविवारी सकाळी सिंगापूरच्या ईस्ट कोस्टला आमचा चालायचा ग्रुप जमतो. बहुतेक घरं जहाजवाल्यांची, म्हणजे चालायला बायका जास्त आणि नवरे जे कोणी सुट्टीवर असतील तेवढे. कोणाच्या तरी ट्रिपचा विषय निघतो आणि मग कोणीतरी म्हणतंच, "वैशाली, तो ठशांचा सांग ना!" एक सांगितला की त्याला दुसरा चिकटून येतो. प्राग कसं होतं हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही.

ऐकणारे पोट धरून हसतात. पण खरं सांगू? तेव्हा आमच्या घरात कोणी हसत नव्हतं. घाबरलो होतो सगळे. एकेकाची भीती वेगळी, एवढाच फरक.

घर म्हणजे बेडोकमधला नवव्या मजल्यावरचा फ्लॅट. त्यात मी, माझा नवरा प्रसाद, अकरा वर्षांची ईरा आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आई. प्रसाद टँकरवर चीफ इंजिनिअर आहे. चार महिने समुद्रावर, मग दोन-अडीच महिने घरी. आई साताऱ्याच्या शाळेत शिकवायच्या. निवृत्त झाल्या, सासरे गेले, आणि दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांना इथे घेऊन आलो.

* * *

सुरुवात झाली ती प्रसादच्या फोनने. जहाजावरून बोलत होता. म्हणाला, "वैशू, या सुट्टीत युरोपला जाऊ या. छोटीशीच ट्रिप. एकच जुनं शहर, उगाच धावपळ नको."

मी हातातला चहा खाली ठेवला. अकरा वर्षांत आमची प्रत्येक सुट्टी साताऱ्याला गेली होती. मी लगेच म्हटलं, "लिस्बन!"

"नको. समुद्र आहे."

"मग अथेन्स?"

"समुद्र."

"रोम तरी?"

"जवळच आहे समुद्र. वैशू, समुद्रच नसलेला देश शोध ना."

मी हसले. म्हटलं, समुद्रावर पगार घेतोस आणि समुद्राचं एवढं वावडं? तो हसला नाही. मला जरा विचित्र वाटलं, पण युरोपच्या नादात मी ते सोडून दिलं. ईराचा शाळेचा अ‍ॅटलास काढला, बोट फिरवत फिरवत प्राग शोधलं. चारी बाजूंनी जमीन! दोन दिवसांनी त्याचा फोन आल्यावर मोठ्या आनंदाने सांगितलं, "समुद्र नावालाही नाही. किल्ला आहे, जुना चौक आहे. मधून एक नदी जाते, पण ती तर सुंदरच आहे."

मला वाटलं, आता तरी खूश होईल.

मग प्रसादने विचारलं, "किती खोल?"

* * *

प्रसाद घरी आला आणि हॉटेलचं प्रकरण सुरू झालं. मी जुन्या चौकाजवळचं एक छोटं हॉटेल शोधलं होतं. चारशे वर्षांपूर्वीची इमारत, छताला लाकडी तुळया, खिडकीत लाल फुलं. फोटो पाहून ईरासुद्धा म्हणाली, "वा, लाइक कासल!"

प्रसादने फोटो पाहिलेच नाहीत. त्याने हॉटेलला मेल लिहिली. जिने किती? दुसरा जिना कुठे उतरतो? दारं आत उघडतात की बाहेर? खोलीपासून जिन्यापर्यंत किती पावलं? खिडकीला गज आहेत का? एका पानावर मावले नाहीत एवढे प्रश्न! मी म्हटलं, "अरे, त्यांना वाटेल आपण हॉटेल विकत घेतोय."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मॅनेजर फार गोड माणूस असावा. सगळ्या प्रश्नांची उत्तरं देऊन शेवटी लिहिलं होतं, 'आपण निश्चिंत असा. ही इमारत चारशे वर्षं उभी आहे.'

प्रसादने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "म्हणजे लाकूड चारशे वर्षं वाळलंय."

मी हसणार होते. पण आई पलीकडे मटार सोलत बसल्या होत्या, त्यांनी ताट बाजूला सरकवलं आणि सरळ विचारलं, "प्रसाद, जहाजावर काय झालं होतं रे?"

त्याने मेल बंद केली. आईंनी पुन्हा विचारलं नाही, नुसत्या बघत राहिल्या. चौतीस वर्षं वर्गात अशाच बघत असणार.

मग तो बोलला. इंजिन रूमला आग लागली होती. आटोक्यात येईना. अशा वेळी शेवटचा एकच उपाय असतो: सगळी दारं बंद करायची आणि आत कार्बन डायऑक्साइड गॅस सोडायचा. आग विझते. पण गॅस सोडला की आत राहिलेला माणूसही संपतो. म्हणून आधी माणसं मोजतात. प्रसादने मोजली. एक कमी भरला. पन्नाशीचा एक फिटर, दोन मुलींचा बाप. कॅप्टन रेडिओवर ओरडत होता, "गॅस सोडा, जहाज जाईल!" आणि प्रसादचा हात गॅसच्या हँडलवर.

"किती वेळ?" मी विचारलं.

"अकरा मिनिटं."

फिटर दुसऱ्या शिडीने वर चढून जहाजाच्या मागच्या टोकाला खोकत बसला होता. तो सापडला, मग गॅस सोडला, आग विझली. कोणालाही खरचटलंसुद्धा नाही. कंपनीने प्रसादचं कौतुक केलं. त्याने घरी एक शब्द सांगितला नव्हता.

"मला जिथून पायी चालत बाहेर पडता येतं, असं गाव हवंय," तो म्हणाला. "बाकी काही नको."

हॉटेल आम्ही बदललं. नव्या हॉटेलला तीन जिने होते.

* * *

आता ईराचं. तिच्या बाबतीत भीती उलटी होती. तिला कशाचीच भीती वाटत नाही, याची आम्हाला भीती!

ईरा इथेच वाढली. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या मांडवात, टेबल अडवायला लोक टिश्यूचं पाकीट ठेवतात. ही बया फोन ठेवते आणि खुशाल नूडल्सच्या रांगेत जाऊन उभी राहते. मी ओरडले की म्हणते, "ममा, नोबडी टेक वन लाह!"

आमच्या ग्रुपमध्ये शिरीषदादा आहेत. इथेच, यिशुन भागात राहतात. पूर्वी कॅप्टन होते, आता जहाजांची तपासणी करतात. युरोप त्यांनी बंदराबंदरातून पाहिलेला. त्यांनी आम्हाला खिसेकापूंच्या अशा गोष्टी ऐकवल्या की प्रसाद घरातही खिशावर हात ठेवून फिरू लागला. ईरा मात्र ढिम्म. शेवटी दादा म्हणाले, "वहिनी, सांगून कळणार नाही. पोरीला एकदा धक्का बसला पाहिजे. मी बघतो."

शनिवारी सगळे बेडोकच्या हॉकर सेंटरला गेलो. ईराने नेहमीप्रमाणे टेबलावर फोन ठेवला आणि रांगेत गेली. दादा लांबच्या टेबलावरून उठले, शांतपणे चालत आले, फोन उचलला, खिशात घातला आणि तसेच पुढे निघाले. मी लांबून बघत होते.

ईरा ट्रे घेऊन आली. टेबल रिकामं. तिने इकडेतिकडे पाहिलं. तिचा चेहरा पडेल म्हणून मी वाट पाहतेय, तेवढ्यात मागून आरडाओरडा! टेबलं पुसणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांनी दादांचं मनगट धरलं होतं. काका सत्तरीचे, दादांच्या खांद्याला लागतील एवढे, पण पकड अशी की दादांचा चेहरा पांढरा!

"दिस वन नॉट युवर्स! आय सी यू! लिट्ल गर्ल वन!"

आजूबाजूचे चारपाच जण उठून उभे राहिले. एक बाई फोन काढून शूटिंग करायला लागली. कोणीतरी पोलिसांना बोलवायची भाषा करत होतं. दादा गयावया करत होते, "माय फ्रेंड्स डॉटर! आय अ‍ॅम टीचिंग हर!" ते ऐकून काकांनी मनगट आणखी आवळलं. मी आणि प्रसाद धावलो, हात जोडले, सगळं समजावलं. काकांचा विश्वास बसेना. शेवटी त्यांनी ईरालाच विचारलं, "गर्ल, यू नो दिस मॅन?"

ईराने दादांकडे एकदा नीट पाहिलं. फार विचार केला. तेवढ्या वेळात दादांना दरदरून घाम फुटला.

"नो लाह..." म्हणाली, आणि मग हसली. "जोकिंग, अंकल! ही इज माय काका."

दादा घरी जाताना एवढंच म्हणाले, "प्रागला काही होत नाही तुम्हाला. जपायचं ते इथेच."

* * *

ठशांचा किस्सा हा.

व्हिसासाठी दहाही बोटांचे ठसे द्यावे लागतात. माझे झाले, प्रसादचे झाले. आईंनी काचेवर बोटं ठेवली आणि मशीनवर लाल दिवा. पुन्हा ठेवली, पुन्हा लाल. काउंटरवरची मुलगी भली होती. तिने आईंची बोटं पुसून दिली, ओलसर करून पाहिली, स्वतःच्या हाताने दाबून धरली. लालच.

आई आधी हसत होत्या. सहाव्या वेळेला त्यांचं हसू गेलं. मागे रांग वाढत होती. मला हळूच म्हणाल्या, "वैशाली, माझ्यामुळे तुमचं राहील गं सगळं. तुम्ही जा तिघं. मी थांबते घरी."

मुलीने मला विचारलं, यांनी आयुष्यभर काय काम केलं? मी आईंना विचारलं.

आई म्हणाल्या, "तिला सांग, चौतीस वर्षं खडू धरला. ठसे सगळे फळ्यावर राहिले, बाई."

मी ते इंग्रजीत सांगितलं. मुलगी क्षणभर आईंच्या बोटांकडे बघत राहिली, मग आत जाऊन साहेबांना घेऊन आली. साहेबांनी मशीनकडे पाहिलंही नाही. आईंचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, फॉर्मवर काहीतरी लिहिलं, सही केली आणि म्हणाले, "माझ्या आईचेही येत नाहीत."

पुढचे पंधरा दिवस आईंना झोप नाही. दाराची बेल वाजली की दचकायच्या. देवापुढे उभ्या राहून 'आमचं प्राग' म्हणायच्या, जणू ते गाव आजारी होतं! अखेर एका सकाळी पाकीट आलं. पासपोर्ट एकच. आईंचा! व्हिसा मिळालेला! आमच्या तिघांचे अजून यायचे होते.

प्रसाद म्हणाला, "आई, आता तू एकटीच जाऊन ये!"

आईंनी मटकन खुर्चीवर बसकण मारली. "मी? एकटी? अरे, मला ते आहे कुठे हेसुद्धा माहीत नाही!"

आमचे व्हिसा तीन दिवसांनी आले. ते तीन दिवस आईंनी पासपोर्टला हात लावला नाही.

* * *

व्हिसा आले, आणि प्रसादने कागद काढला. जहाजावर असतो तसा. कोणी चुकलं तर काय करायचं, कुठे जमायचं, किती वेळ थांबायचं. खाली चौघांची नावं. फ्रिजवर लावला. वर म्हणाला, "नुसतं वाचून उपयोग नाही. ड्रिल करायचं."

रविवारी सकाळी दहाला आम्ही बेडोकच्या एमआरटी स्टेशनबाहेर. नियम असा: चौघांनी चार दिशांना जायचं, फोन माझ्या पिशवीत, पंधरा मिनिटांनी लिफ्टपाशी परत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एकदा जमायच्या जागी पोचलं की तिथून हलायचं नाही.

पंधरा मिनिटांनी मी आले. ईरा आली. प्रसाद आधीच उभा होता. आई नाहीत.

आणखी वीस मिनिटं गेली. पंचवीस. गर्दीत प्रत्येक पांढरे केस मला आईंचे वाटत होते. मी दुकानांतून धावत फिरून आले. बसच्या रांगा पाहिल्या. आईंना इंग्रजी बेताचंच, जवळ फोन नाही, आणि तो फोन काढून घेणारी मीच! परत आले तर प्रसाद जागचा हललेला नव्हता. तोंडाने पुटपुटत होता. मी जवळ जाऊन ऐकलं.

"एक कमी. एक कमी."

त्याचा उजवा हात पुढे आला होता, हवेत काहीतरी धरल्यासारखा. मी तो हात धरला. बर्फासारखा गार. सिंगापूरच्या त्या उकाड्यात!

ईराने बाबाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. पण डोकं तिचंच चाललं. ती म्हणाली, "बाबा, आजी ऑल्वेज फॉलो रूल. शी वोन्ट मूव्ह. मेबी वी आर द राँग लिफ्ट."

लिफ्ट दोन होत्या! एक या बाजूला, एक रस्त्यापलीकडे. कागदावर प्रसादने नुसतं 'लिफ्ट' लिहिलं होतं.

आम्ही तिघं पळालो. पलीकडच्या लिफ्टपाशी आई उभ्या होत्या. दोन पावलांवर बाक होता, त्यावर बसल्या नव्हत्या, कारण हलायचं नाही. कोणीतरी दिलेली पाण्याची बाटली हातात. चाळीस मिनिटं तशाच उभ्या. पाय सुजले होते, ओठ सुकले होते.

प्रसाद त्यांच्यापुढे जाऊन थांबला. आईंनीच त्याच्या गालाला हात लावला. "आलास ना? मोज आता."

त्याने खरंच मोजलं. माझ्याकडे, ईराकडे, आईंकडे बोट करून. "एक. दोन. तीन."

"आणि स्वतःला कोण मोजणार?"

"चार," प्रसाद म्हणाला, आणि भर रस्त्यात आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

* * *

आता शेवटचा. हा मी ग्रुपमध्ये सहसा सांगत नाही.

निघायला आठवडा राहिला होता. प्रवासाचा विमा काढत होते. फॉर्ममध्ये एक रकाना होता: आणीबाणीत कोणाला कळवायचं? प्रवासात सोबत नसलेली, सिंगापूरमधली व्यक्ती. मी सवयीने प्रसादचं नाव टाइप केलं, पुसलं. प्रसादने माझं सांगितलं. मग आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. चौघंही एकाच विमानात! शिरीषदादा तेव्हा कामासाठी इंडोनेशियाला जाणार होते, त्यांचा फोन लागेल न लागेल, आणि ग्रुपमधल्या बाकीच्यांशी ओळख रविवारच्या चालण्यापुरतीच. अकरा वर्षं इथे राहून त्या एका ओळीसाठी नाव सुचेना.

शेवटी समोरच्या दारातल्या ऑंग ऑंटींचं नाव घातलं. अडुसष्ट वर्षांच्या, एकट्या राहतात. आईंची आणि त्यांची दोस्ती आहे. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नाही. आई कढीपत्ता देतात, ऑंटी वाफवलेले पाव देतात, दोघी आपापल्या भाषेत दहा मिनिटं बोलतात आणि समाधानाने दारं लावून घेतात.

मी त्यांना विचारायला गेले. लगेच हो म्हणाल्या. पण संध्याकाळी स्वतःच आमच्याकडे आल्या. चेहरा उतरलेला. हातात छोटी वही आणि पेन.

"दे कॉल मी, ओके. देन आय कॉल हू?"

खरंच की. मी साताऱ्याच्या कुमुदमावशींचा नंबर दिला, आईंच्या धाकट्या बहिणीचा. मावशी घरी एकट्याच असतात, आणि त्यांना इंग्रजी अजिबात येत नाही.

"देन यू टीच मी," ऑंटी खुर्ची ओढून बसल्या. "युवर लँग्वेज. आय से प्रॉपर्ली."

ईराने शिकवलं. 'सगळे सुखरूप आहेत.' ऑंटींनी एकेक अक्षर विचारत आपल्या लिपीत लिहून घेतलं. मग म्हणून दाखवलं. सुखरूप काही केल्या जमेना. सुकरू, सुकरूप, सुखलूप. आई हसून हसून दुरुस्त करत होत्या. दहाव्या वेळेला जमलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

ऑंटी हसल्या नाहीत. त्यांनी वहीचं पान उलटलं, कोऱ्या पानावर पेन टेकवलं आणि विचारलं, "अँड इफ नॉट ओके? हाउ टु से?"

ईरा माझ्याकडे बघायला लागली. प्रसाद उठून खिडकीशी गेला. मी म्हणणार होते, त्याची गरज नाही पडणार ऑंटी. पण त्या पेन टेकवून वाट बघत होत्या.

आईंना त्या इंग्रजीतलं किती कळलं, देव जाणे. त्या ऑंटींशेजारी जाऊन बसल्या, मला म्हणाल्या, "वाईट बातमी उपाशीपोटी सांगू नये." वहीवर बोट ठेवलं आणि फळ्यापुढे पहिलीच्या मुलांना सांगावं तसं सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं,

"कु-मुद, जे-वली-स का?"

ऑंटींनी ते लिहून घेतलं. एकदा हळूच म्हणून पाहिलं. पहिल्याच वेळेला बरोबर आलं. त्यांनी वही मिटली, पर्समध्ये घातली आणि चेन लावून घेतली.